मागच्या खांबापासून

सर धावत नसत. कशासाठीच नाही. दिल्लीत आमच्या द्वारकेच्या स्टेशनवर मेट्रोचं दार बंद व्हायची सूचना वाजली, सगळा प्लॅटफॉर्म जिवाच्या आकांतानं पळतोय, आणि हा माणूस आपला टाच टेकवत, गुडघा ताठ ठेवत, कंबर हलवत चालतच येतोय. दार त्यांच्या नाकासमोर मिटायचं. आम्ही पोरी आतून काचेला चिकटून बघायचो, आणि सर बाहेरून शांतपणे हात करायचे, पुढची घेऊन येतो म्हणून. गंमत अशी की पळणाऱ्या निम्म्या लोकांना मागे टाकून ते दारापर्यंत चालत पोचलेले असायचे. फक्त शेवटची एक ढांग उडी मारून घ्यायची वेळ आली की थांबायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, सर, मेट्रोत पंच नसतात. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी देवळात चपला घालून शिरले असते तर बरं झालं असतं.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना आधीच सांगून टाकते. चालण्याच्या शर्यतीत एक पाय कायम जमिनीला टेकलेला लागतो. दोन्ही पाय एकदम हवेत गेले की ते धावणं झालं. पुढचा पाय टेकला की गुडघा सरळ हवा. रस्त्याच्या कडेनं पंच उभे असतात. संशय आला तर पिवळी फळी दाखवतात, खात्री झाली तर लाल कार्ड लावतात, आणि लाल कार्डं साठली की तुम्ही बाद. असं वीस किलोमीटर चालायचं, तेही सामान्य माणूस पळेल त्या वेगानं. बघायला हे फार विनोदी दिसतं, मला मान्य आहे. कंबर डावी-उजवी, कोपरं मागे-पुढे, आणि चेहरा मात्र परीक्षेला बसल्याचा. आमच्या सोसायटीतल्या एका आंटींनी माझ्या आईला लिफ्टमध्ये हळूच विचारलं होतं, बेटी को कोई तकलीफ़ है क्या, हमारे एक बहुत अच्छे डॉक्टर हैं.

सर एका मंत्रालयात आयुष्य घालवून निवृत्त झालेले. मूळचे कराडकडचे. आधी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे, मग द्वारकेत आमच्या शेजारच्या सोसायटीत फ्लॅट घेऊन आले. आमच्या विद्यापीठानं त्यांना मानद प्रशिक्षक केलं होतं. मानद म्हणजे पगार नाही, फक्त गळ्यात घालायचं ओळखपत्र. ते ओळखपत्र सर घरातसुद्धा घालून बसायचे. काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, अहो, मी ओळखते तुम्हाला, काढा ते.

मी त्यांच्या हाती लागले ती पळण्याच्या निवड चाचणीत शेवटची आल्यावर. रडवेली होऊन मैदानाच्या कडेनं परत चालले होते. कडेला टोपी घातलेला एक उंच म्हातारा उभा होता. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही, टाचांकडे बघत होता. म्हणाला, "पळतेस फार वाईट. पण चालत परत आलीस ती सुरेख." मला वाटलं थट्टा करतोय. मी दिल्लीची, भांडायला मला निमित्त लागत नाही, चांगलं फणकारून बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि उद्या पहाटे कुठे यायचं ते सांगितलं. मी का गेले ते मला आजही माहीत नाही. गेले खरी.

आमची शाळा म्हणजे द्वारकेचा एक रुंद, सरळ रस्ता. दुभाजकावर विजेच्या खांबांची रांग, एका बाजूला सोसायट्यांची फाटकं, डोक्यावरून सारखी उतरणारी विमानं. आम्ही पाच-सहा पोरी. त्यातली रुबीना माझी खास. ती उदगीरची, एम.ए. करता करता यूपीएससीचा अभ्यास करायला दिल्लीला आलेली, चालता चालता राज्यघटनेची कलमं पुटपुटायची. सरांची हरकत नव्हती. फक्त कलम आठवेनासं झालं की तिचा गुडघा वाकतो, हे त्यांनी शोधून काढलं होतं. तिनं ते पुढे मान्यही केलं.

पायाचं मराठी मला सरांनी शिकवलं. आमच्या घरी मराठी बोलतात, पण दिल्लीत वाढलेल्या पोरांचं मराठी कसं असतं ते तुम्हाला माहीतच आहे, वरणभातापुरतं. मला एड़ी माहीत, टाच ऐकलेली. टखना माहीत, घोटा नाही. पिंडली माहीत, पोटरी नाही. सर म्हणायचे की ज्या अवयवाचं नाव घरच्या भाषेत येत नाही तो अवयव दुखतोय हे आईला कसं सांगशील. मला ते पटलं. आजही घोटा म्हटलं की मला घोट्याच्या आधी सर दिसतात.

त्यांच्याकडे एक टेबल टेनिसची बॅट होती, पिवळी रंगवलेली. ती पंचांची फळी म्हणून सरावाला वापरायची. पण सरांनी ती सरावापुरती ठेवली नाही. पिशवीत कायम असायची, आणि जगात कुठेही कुणी नियम सोडला की बाहेर निघायची. दूध घ्यायच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं, बॅट वर. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले की पार्किंगचा प्रश्न पुढच्या महिन्यात नक्की सुटेल, बॅट वर. एकदा झेब्रा क्रॉसिंगवर एका भल्यामोठ्या काळ्या गाडीनं नाक पुढे काढलं आणि सरांनी तिलाही बॅट दाखवली.  दिल्लीत याहून लहान कारणांवरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात. गाडीवाला उतरला, बाह्या वर करत आला, ये क्या है म्हणून विचारलं. सरांनी अगदी सरकारी सुरात सांगितलं, "चेतावनी है. अभी बाहर नहीं किया है." त्या माणसानं बॅट दोन्ही बाजूंनी पाहून घेतली. मग परत गाडीत बसला आणि गाडी मागे घेतली. रुबीना म्हणाली, यार, प्रशासन असं चालवायचं असतं.

काकूंनी त्या बॅटीचा बंदोबस्त केला होता. एकदा आमटीत मीठ जास्त झालं म्हणून सरांनी ती उचलली. काकूंनी बॅट काढून घेतली, त्यांनाच दाखवली, आणि ताट उचलून आत नेलं. घरात बॅट परत वर झाली नाही.

पहाटेचा सराव सोडला तर सरांची खास परीक्षा असायची सरोजिनीच्या बाजारात, तीही रविवारी संध्याकाळी. ज्यांनी ती गर्दी पाहिली आहे त्यांना अंगावर काटा येईल. स्वस्त कपड्यांचे ढीग, ढिगावर चढून ओरडणारे विक्रेते, पिशव्या, पोरं, घासाघीस. त्या गल्लीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणाला धक्का न लावता, कुणावर न ओरडता, न थांबता चालत जायचं. सर पुढे, आम्ही मागे. सर त्या गर्दीतून असे निघायचे की लोक बाजूला होतायत की सर वाट काढतायत ते कळायचं नाही. मी पहिल्यांदा गेले ती एका ढिगाजवळ थांबले आणि टॉप घेऊन आले. सरांनी टॉप बघितला, रंग छान आहे म्हणाले, आणि परत पहिल्या टोकाला पाठवलं.

दिवाळीनंतर हवा इतकी खराब व्हायची की बाहेर श्वास घेणं कठीण. बाकी विद्यापीठांचे कोच तेव्हा सुट्टी देत. सरांनी सोसायटीचं बेसमेंट गाठलं. गाड्यांच्या मधून, जाड खांबांना वळसे घालत आम्ही चालायचो, आणि गार्ड भय्या गाड्यांवर शिट्टी मारायचा. कुणीतरी तक्रार केली की या मुली पार्किंगमध्ये नाचतात. सर त्या गृहस्थांकडे स्वतः गेले, नमस्कार केला, आणि म्हणाले, उद्या तुम्हीही या. ते आले नाहीत, पण तक्रार मागे घेतली.

आता खांबाबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच येऊन अडतं.

सरांचा एक नियम होता. सराव करताना तुम्हाला जाणवलं की आपले दोन्ही पाय एकदम सुटले, जमीन सुटली, तर मोठ्यानं म्हणायचं "सुटला", मागे वळायचं, मागच्या विजेच्या खांबापर्यंत परत जायचं, त्याला हात लावायचा आणि तिथून पुन्हा चालू लागायचं. याला आम्ही खांब घेणं म्हणायचो. मुख्य म्हणजे खांब दुसऱ्यानं सांगून घ्यायचा नाही. सरांना दिसलं असलं तरी ते बोलायचे नाहीत, वरून जाणाऱ्या विमानाकडे बघत बसायचे. मैत्रिणीनं सांगितलं तर ते धरायचं नाही. ज्याचा पाय त्यानंच बोलायचं. मी सुरुवातीला चिकार वाद घातला. म्हटलं, पंच असतात ना त्याला, आपण कशाला. सर म्हणाले, "पंचाला डोळ्यानं कळतं. तुला पायातून कळतं. आधी कुणाला कळलं?" 

कुणी त्यात जीवनाचं तत्त्वज्ञान शोधायला लागलं की सर चिडायचे. एकदा एका वार्ताहर मुलीनं विचारलं की पाय जमिनीवर ठेवा हा तुमचा संदेश आहे का. सर म्हणाले, संदेश कसला, नियम आहे.

पहिल्या वर्षी मी इतके खांब घेतले की पुढे जायच्याऐवजी मागेच जास्त चालले असेन. थंडीत, धुक्यात, एकटी रस्त्यावर असतानासुद्धा. कोणी बघत नसायचं. मी मनातल्या मनात सरांना शिव्या घालत वळायची, खांबाला चापट मारायची आणि निघायची. मग हळूहळू ते अंगवळणी पडलं. पाय सुटला की तोंडातून शब्द निघायचा, मान आपोआप वळायची. डोक्याला विचारायची गरजच उरली नाही.

हे वेड सरांना कुठून लागलं ते काकूंनी सांगितलं. सर स्वतः विद्यापीठाकडून चालायचे. त्यांच्या काळातल्या अखिल भारतीय स्पर्धेत ते सगळ्यांच्या पुढे चालले होते, शेवट समोर दिसत होता, आणि एका पंचानं त्यांना बाद केलं. सगळे म्हणाले अन्याय झाला, तक्रार करा. सरांनी काही केलं नाही. संध्याकाळी त्या पंचांना शोधत गेले आणि सांगितलं, तुम्ही म्हणालात ते बरोबर, सुटला होता, मला कळलं होतं. पंच नागपूरकडचे गृहस्थ. दोघांचं असं जमलं की सरांच्या लग्नात ते पहिल्या पंगतीला. काकू म्हणायच्या, मला वाटलं मुलाकडचे कोणी मोठे मामा असतील, मी वाकून नमस्कार केला, तर म्हणाले, मी यांना बाद केलं होतं. पुढे दर दिवाळीला त्यांचा फोन यायचा. सर तो फोन उभं राहून घ्यायचे.

आणि तरीही एक गोष्ट होती. एवढी वर्षं शिकवून सरांच्या एकाही विद्यार्थ्याला राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेत मेडल मिळालेलं नव्हतं. बाकीचे कोच त्यावरून टोमणे मारायचे. तुमच्या पोरी चालतात छान, पोचतात कधी, असं. सर हसून घ्यायचे. त्यांना लागत नव्हतं असं मात्र मी म्हणणार नाही.

आता माझ्या बाबांचं. बाबाही सरकारी नोकरीत, शिस्तीचे, कमी बोलणारे. माझं चालणं त्यांना कधीच पचलं नाही. ते त्याला ठुमकणं म्हणायचे. मी सकाळी निघाले की ते पेपर तोंडासमोर धरायचे, खालून कोणी ओळखीचं जात असेल तर आपल्याला विचारायला नको म्हणून. एम.ए.चं शेवटचं वर्ष आलं तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं. या वर्षी स्पर्धेत मेडल आलं तर पुढे चाल, मी अडवणार नाही. नाही आलं तर हे बंद, बँकेच्या परीक्षेचा क्लास लावायचा. आणि हे त्यांनी सरांनाही सांगितलं, आमच्या फाटकावर, माझ्यासमोर. सर म्हणाले, बरं.

नुसतं बरं. मला इतका संताप आला. मी रस्ताभर बोलत होते, की तुम्हाला काही वाटतं की नाही, माझं सगळं जाणार आहे, तुम्ही बाबांना चार शब्द समजावून सांगाल असं मला वाटलं होतं. सर म्हणाले, तुझा उजवा खांदा वर येतोय, तो खाली घे. मी त्या दिवशी घरी येऊन जेवले नाही. नंतर काकूंकडून कळलं की स्पर्धेचा रस्ता जाहीर झाल्यापासून सर दर रविवारी मेट्रोनं गुरुग्रामला जात होते आणि तो रस्ता स्वतः चालून बघत होते. कुठे चढ आहे, कुठे डांबर उखडलंय, सकाळी ऊन कुठून येतं. परत आले की जिने चढताना कठडा धरायचे. मला यातलं एक अक्षर सांगितलं नाही.

त्या वर्षी स्पर्धा आपल्याच अंगणात होत्या. कुस्ती एका विद्यापीठात, नेमबाजी दुसरीकडे, पोहणं तिसरीकडे, आणि आमचं चालणं गुरुग्रामच्या एका नव्या रुंद रस्त्यावर. देशभरची पोरं आली होती. पाठीवर विद्यापीठांची नावं, हातात केळी, दहा भाषांमधून एकच काळजी. दोन्ही बाजूंना काचेच्या उंच इमारती, दुभाजकावर द्वारकेसारखेच विजेचे खांब, वाहतूक बंद, आणि फेब्रुवारीची पहाटेची थंडी. जाऊन-येऊन फेऱ्या मारायच्या होत्या. रुबीनाचा गुडघा दुखत होता म्हणून ती काकूंबरोबर पाण्याच्या टेबलावर. सर थोडे पुढे, दुभाजकाजवळ. आणि बाबा आले होते. पहिल्यांदाच. मफलर गुंडाळून, चहाचा थर्मास घेऊन, सरांपासून चांगले लांब, रस्त्याच्या पलीकडे उभे.

मी चांगली चालले. हे मी सांगायला लाजत नाही, त्या दिवशी मी खरंच फार चांगली चालले. लाल कार्डांचा एक बोर्ड असतो, सगळ्यांना दिसेल असा. त्यावर एकेकीच्या क्रमांकापुढे खुणा पडत होत्या, दोघी तर बाद होऊन डोळे पुसत बाजूला झाल्या होत्या. माझ्या क्रमांकापुढे एकही खूण नव्हती. पुढच्या दोघी केव्हाच लांब गेल्या होत्या, त्यांच्याशी माझं काही देणंघेणं नव्हतं. तिसरी मी होते. माझ्या मागे निळ्या जर्सीतली एक दाक्षिणात्य मुलगी, बारीक, चिवट, काही केल्या सुटत नव्हती.

शेवटच्या फेरीत आले तेव्हा पलीकडून आवाज आला, "भाग बेटा, भाग!" माझे बाबा. घरात आवाज न चढवणारा माणूस, मफलर हातात घेऊन फिरवत होता, आणि चालण्याच्या शर्यतीत मला पळायला सांगत होता, तेही हिंदीत. एका पंचांनी त्यांच्याकडे रागानं बघितलं. मला हसू आलं आणि एकदम बळही आलं. आता शेवटचा सरळ रस्ता उरला होता. कमान दिसत होती. निळीचा श्वास माझ्या कानाशी ऐकू येत होता. मी जोर केला, आणखी केला, आणि पाय सुटला.

एखाद-दुसरं पाऊलच. तिथला पंच निळीच्या गुडघ्याकडे बघत होता. कोणी पाहिलं नव्हतं, कोणी पाहूच शकलं नसतं. पण मला पायातून कळलं. मी मोठ्यानं "सुटला" म्हटलं आणि वळले.

लोक विचारतात, त्या क्षणी मनात काय आलं. काही नाही आलं. विचार केला असता तर गेले असते का मी परत? मी काय वेडी आहे? माझं मेडल, माझं चालणं, सगळं पणाला लागलेलं, आणि मी कमानीकडे पाठ करून मागच्या खांबाकडे निघाले होते, रोज द्वारकेत निघायचे तशी. निळी माझ्या अंगावर आली, घाबरून बाजूला झाली आणि पुढे गेली. गर्दीतून हलकल्लोळ उठला. दोन स्वयंसेवक स्ट्रेचर घेऊन माझ्याकडे पळत सुटले, त्यांना वाटलं मला भोवळ आली. मी हात पुढे केलेला, खांबाला लावायच्या बेतात, आणि तेवढ्यात सरांचा आवाज ऐकला. इतक्या वर्षांत त्यांना ओरडताना मी ऐकलं नव्हतं.

"अगं, शर्यत आहे ही! पुढे जा, पुढे!"

तेव्हा मी भानावर आले. वळले, आणि जे काही अंगात उरलं होतं ते सगळं लावून चालले. निळी माझ्या हाताच्या अंतरावर होती. आणखी थोडा रस्ता असता तर मी तिला गाठलं असतं. पण रस्ता संपला. मी चौथी आले.

चौथीला काही नसतं. पाण्याची बाटली असते. मी रस्त्यावर बसले. मुख्य पंच आले, पांढऱ्या दाढीचे सरदारजी. खाली वाकून विचारलं, बेटा, चक्कर आया? मी सांगितलं काय झालं ते, रडत, निम्मं मराठीत.  मागे चालू नये असा नियम त्यांनाही आठवेना, कारण असं कोणी करेल असं नियम लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसणार. शेवटी एवढंच म्हणाले, मैंने तो कुछ देखा ही नहीं था. आणि उठून, पगडी सारखी करून, आपल्या जागी गेले. आज मला कोणी विचारलं की तुझी सगळ्यात चांगली शर्यत कोणती, तर मी तीच सांगते, मान ताठ ठेवून सांगते. पण त्या वेळी मला अभिमान-बिभिमान काही वाटत नव्हतं. मला फक्त राग आला होता.

सर चालत आले. मी चारचौघांत त्यांच्यावर ओरडले. तुमच्या त्या खांबापायी गेलं माझं मेडल, म्हटलं. काकू आणि रुबीना टेबल सोडून आल्या होत्या, काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, मी तो झटकला.  सरांनी गळ्यातलं ओळखपत्र सारखं केलं, आणि रस्ता ओलांडून बाबांकडे गेले. मीही उठून मागोमाग गेले, अजून बोलायचं शिल्लक होतं म्हणून, आणि माझ्यामागून काकू आणि रुबीना.

बाबा थर्मास छातीशी धरून उभे होते. सरांनी त्यांच्यासमोर हात जोडले.

"चूक माझी आहे," सर म्हणाले. "परत जायला शिकवलं मी तिला. कधी जायचं नाही, ते शिकवायचं राहून गेलं. मुलीला बोलू नका."

मी तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. हा माणूस मेट्रोच्या दाराला शरण गेला नाही, काळ्या गाडीला घाबरला नाही, आणि माझ्यासाठी भर रस्त्यात हात जोडून उभा होता.  

 बाबांनी रस्त्याकडे बघितलं, जिथे मी वळले होते तिथे.

"ती वळली," बाबा म्हणाले, "तेव्हा तिला कोणी सांगितलं होतं?"

"नाही."

"तुम्ही खूण केली?"

"नाही हो. मी तर ओरडलो, जाऊ नको म्हणून."

"पंचांनी पाहिलं होतं?"

"कोणीच नाही."

बाबांनी मान हलवली. थर्मासचं झाकण उघडून त्यात चहा ओतला आणि सरांच्या जोडलेल्या हातांत दिला, म्हणजे ते हात सुटले. मग माझ्याकडे न बघता, ऑफिसातलं काहीतरी ठरवत असल्यासारखं म्हणाले, "मग हिला परवा पहाटे किती वाजता पाठवू?"

 सरांनी चहाचा एक घोट घेतला, मग आणखी एक. शेवटी काकूंनीच सांगितलं, साडेपाच.